चांगला दिवस आणि डॉक्टरांचे निदान

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिच्यात थोडी थट्टा आहे, थोडी अवहेलना आहे आणि पुष्कळसा निष्काळजीपणाही आहे. म्हातारपणी विसर पडायचाच, त्यात विशेष ते काय, असे म्हणून आपल्या समाजाने हा विषय पिढ्यान्‌पिढ्या बाजूला सारला. कोणी फारच विसरू लागले, तर त्याला 'म्हातारचळ लागला' म्हणून मोकळे व्हावयाचे. 'स्मृतिभ्रंश' हा शब्द तसा फार जुना. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही तो आलेला आहे. परंतु तेथे त्याचा संबंध क्रोध आणि संमोह यांच्याशी आहे, मेंदूच्या रोगाशी नव्हे. रोगाचे नाव म्हणून तो आपल्याकडे अलीकडे रूढ झाला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी शेकडा ७.४ जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, हा विकार आहे. हा आकडा पाहिला की थट्टेचा विषय थट्टेचा राहत नाही.

या विकाराच्या इतिहासातील एकाच प्रश्नाविषयी आज मी बोलणार आहे. रोग्याला अधूनमधून चांगला दिवस येतो. त्या दिवशी तो माणसे ओळखतो, नेमके बोलतो, कधी विनोदही करतो. मग घरच्यांच्या मनात येते की, डॉक्टरांचे निदान चुकले असावे. हा संशय कितपत खरा, आणि त्याचे काय करावे?

हा विषय मी ग्रंथ चाळून निवडलेला नाही. तो आमच्या घरी आपण होऊन आला. माझ्या आईचे वय शहात्तर. तीन वर्षांपूर्वी तज्ज्ञ डॉक्टरांनी तिला तपासले, रक्त तपासले, मेंदूचे चित्र काढले आणि स्मृतिभ्रंशाचे निदान लिहून दिले. त्यानंतर दोन महिन्यांनी नाताळासाठी माझा थोरला भाऊ वडोदऱ्याहून आला. आई दारातच उभी होती. तिने त्याला नावाने हाक मारली, नातवंडांची चौकशी केली, नेवऱ्यांच्या सारणात वेलची कमी पडल्याचे पहिल्याच घासाला सांगितले आणि संध्याकाळी माझ्या हिशेबाच्या वहीतील बेरजेची चूकही काढून दाखवली. दादाने डॉक्टरांचा कागद दोनदा वाचला, घडी करून कपाटात ठेवला आणि तो म्हणाला, "हा कागद आईचा नसावा. कुणाचा तरी बदलून आलाय." ते ऐकून मला किती हायसे वाटले, म्हणून सांगू!

त्याच रात्री जेवणानंतर आईने विचारले, "त्या डॉक्टरांनी काय लिहिलंय रे?" दादा म्हणाला, "काही नाही आई, तुझी तब्येत ठणठणीत आहे." तिने आम्हा दोघांच्या तोंडाकडे पाहिले आणि पुढे काही विचारले नाही. या प्रसंगाकडे मी शेवटी परत येईन.

आमच्या घरातला हा संशय काही नवा नव्हता. या रोगाला नाव मिळण्यापूर्वी शंभर वर्षे, प्रशियातील क्योनिग्सबर्ग नगरात, एका थोर तत्त्वज्ञाच्या घरीही तो डोकावून गेला होता. इमान्युएल कांट यांचा जन्म १७२४ सालचा. त्यांच्या नियमित दिनचर्येच्या गोष्टी आपण शाळेत ऐकलेल्या असतात. परंतु त्यांच्या अखेरच्या वर्षांची कहाणी फारशी कोणी सांगत नाही. कांट तीच ती गोष्ट पुन्हापुन्हा सांगू लागले, कागदाच्या कपट्यांवर टिपणे करून ठेवू लागले आणि ती टिपणेही विसरू लागले. तेथील चर्चमधील वासियान्स्की नावाच्या सेवकाने त्यांच्या घराचा सारा कारभार अंगावर घेतला. सुमारे चाळीस वर्षे चाकरीत असलेल्या लाम्पे या नोकराला १८०२ साली काढून टाकावे लागले. तेव्हा कांटांनी आपल्या टिपणवहीत नोंद केली, की लाम्पे हे नाव आता पूर्णपणे विसरले पाहिजे. ज्याला सारेच विसरत चालले होते, त्याला काय विसरावे हे मात्र लिहून ठेवावे लागले!

पुढे साधे संभाषणही त्यांना जमेना. पण वासियान्स्कीने लिहून ठेवले आहे, की प्राकृतिक भूगोल किंवा रसायनशास्त्र यांतील प्रश्न विचारला, तर हेच कांट बिनचूक उत्तर देत. मृत्यूपूर्वी नऊ दिवस डॉक्टर त्यांना पाहावयास आले. कांट उठून उभे राहिले. अंगात त्राण नव्हते, पाय थरथरत होते. तरी ते बसेनात. डॉक्टरांना कारण कळेना. वासियान्स्कीने खुलासा केला की, पाहुणा बसल्याखेरीज हे बसणार नाहीत. डॉक्टरांना ते खरे वाटेना. परंतु ते बसताच कांटही बसले आणि माणुसकीची जाणीव आपल्याला अजून सोडून गेलेली नाही, अशा आशयाचे शब्द त्यांनी मोठ्या कष्टाने उच्चारले. १२ फेब्रुवारी १८०४ रोजी ते निवर्तले.

आता त्या दिवशी कोणी म्हटले असते की, ज्याच्या ठायी एवढा विवेक आहे त्याला रोग कसला, तर ते चुकले असते. आणि कोणी म्हटले असते की, हा सारा केवळ सवयीचा खेळ आहे, आतमध्ये आता कोणी नाही, तर तेही चुकलेच असते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील कॉन्कर्ड गावचे. राल्फ वाल्डो इमर्सन हे नामवंत निबंधकार आणि वक्ते. १८७२ च्या जुलै महिन्यात त्यांच्या घराला आग लागली आणि त्यानंतर त्यांची स्मरणशक्ती झपाट्याने ढळू लागल्याचे सर्वांच्या ध्यानी आले. पण त्यांचे व्याख्यान बंद पडले नाही, लेखनही एकदम थांबले नाही. कारण त्यांची कन्या एलेन सतत सोबत होती. ती व्याख्यानांना बरोबर जाई, कागद लावून देई. १८७५ सालचे निबंधांचे पुस्तक तिने आणि कॅबट या स्नेह्याने मिळून जुळवून दिले. एकदा इमर्सन यांना छत्रीचे नाव आठवेना. तेव्हा ते म्हणाले, हिचे नाव सांगता येत नाही, पण हिचा इतिहास सांगता येतो. परकी माणसे हिला घेऊन जातात! असा विनोद ऐकून कोणाला आजाराचे भान राहील? परंतु १८८२ च्या मार्चमध्ये कवी लाँगफेलो या जिवलग स्नेह्याच्या अंत्यविधीस ते गेले आणि ज्याला निरोप द्यावयाचा, त्याचेच नाव त्यांना आठवले नाही. महिनाभराने त्यांचाही अंत झाला. त्यांच्या विकाराचे निदान त्या काळी कोणी केलेले नाही. तो नेमका कोणता होता, हे आज ठरविता येणार नाही. पण या कहाणीतून एक गोष्ट मला उमगली. इमर्सन यांचे चांगले दिवस त्यांचे एकट्याचे नव्हते. त्यांत एलेनची वर्षानुवर्षांची मेहनत मिसळलेली होती.

आता रोगाला नाव कसे मिळाले ते पाहू. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर ही एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिचा पती कार्ल रेल्वेत कारकून होता. बायकोचा संशयी स्वभाव, घरकामातील चुका आणि वाढता विसर यांनी तो टेकीस आला होता. डॉक्टर अलोइस अल्ट्‌सहायमर यांनी दुसऱ्याच दिवसापासून तिला प्रश्न विचारून उत्तरे टिपून ठेवण्यास प्रारंभ केला. नाव काय? ऑगुस्टे. आडनाव काय? ऑगुस्टे. पतीचे नाव काय? तेही बहुधा ऑगुस्टेच. जेवताना पानात फुलकोबी आणि मांस होते. काय खाता, असे विचारल्यावर ती म्हणाली, पालक. परंतु त्याच टिपणांत हेही आहे, की पेन्सिल, लेखणी, किल्ली, चिरूट अशा वस्तू दाखविल्यावर तिने प्रत्येकीचे नाव अचूक सांगितले. थोड्या वेळाने तिला त्यांतील काही आठवेना. त्या अचूक उत्तरांच्या क्षणी कार्ल डेटर खोलीत असता, तर तोही आमच्या दादासारखेच काही म्हणाला असता, असे मला वाटते.

८ एप्रिल १९०६ रोजी ऑगुस्टे मरण पावली. तोवर अल्ट्‌सहायमर म्युनिकला गेले होते. तिचा मेंदू त्यांनी मागवून घेतला, पातळ काप चांदीच्या क्षाराने रंगविले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींच्या बाहेर चिकट ठिपके साचले होते आणि पेशींच्या आत तंतूंचे गुंते झाले होते. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथील मनोरोगतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी हे सांगितले. सभेत एकानेही प्रश्न विचारला नाही. १९१० साली त्यांचे वरिष्ठ क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्ट्‌सहायमरचे नाव दिले. आपण इंग्रजी वळणाने त्याला अल्झायमर म्हणतो. ऑगुस्टेची ती मूळ कागदपत्रे १९९५ साली फ्रँकफुर्टमध्येच पुन्हा सापडली.

येथे एक दक्षता घेतली पाहिजे. घरच्यांचा संशय नेहमीच वेडा असतो, असे इतिहास सांगत नाही. १९६१ साली कायलो या मनोरोगतज्ज्ञांनी दाखवून दिले की, खोल औदासीन्याने ग्रासलेला माणूसही हुबेहूब स्मृतिभ्रंश झाल्यासारखा दिसू शकतो, आणि ते औदासीन्य दूर झाले की त्याची बुद्धी परत येते. १९६५ साली कोलंबिया देशातील सालोमोन हाकिम यांनी वेगळाच प्रकार जगापुढे मांडला. मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साचते, चाल अडखळते, लघवीवरचा ताबा सुटतो, स्मृती मंदावते. आणि बारीक नळीने ते पाणी काढून लावले की पुष्कळदा रोगी सुधारतो. कंठग्रंथीची मंद गती, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, एखाद्या औषधाचा परिणाम, मूत्रमार्गाचा संसर्ग, यांनीही म्हाताऱ्या माणसाची बुद्धी झाकोळते. म्हणून संशय आला तर तो डॉक्टरांपुढे मांडावा, हवे तर दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवावे. संशयाची ती योग्य जागा आहे. आम्ही मात्र दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो नाही. आम्ही कागद कपाटात ठेवला. शंका आणि सोय यांतला फरक येथेच आहे.

मग चांगला दिवस येतो तरी कसा? एक कारण असे, की जुन्या आठवणी, अंगवळणी पडलेली कामे आणि शिष्टाचार हे नव्या आठवणींपेक्षा पुष्कळ दिवस टिकतात. आमची आई कालचे जेवण विसरते. पण रोझरीचे मणी तिच्या बोटांतून आजही क्रम न चुकता सरकतात. दुसरे कारण दिवसादिवसांचे. झोप नीट लागली, ताप नसला, ओळखीचे घर आणि ओळखीचे आवाज भोवती असले, तर आहे ती शक्ती पुरी कामास येते. आणि एका प्रकारात तर चढउतार हे रोगाचेच लक्षण आहे. १९१२ साली फ्रीडरिश लेवी यांनी कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूतील पेशींत काही गोलाकार कण पाहिले. १९७६ साली जपानचे केन्जी कोसाका यांनी तसेच कण स्मृतिभ्रंशाच्या रोग्याच्या मेंदूत सर्वदूर पसरलेले दाखविले. १९९६ साली तज्ज्ञांनी या विकाराच्या निदानाच्या कसोट्या ठरविल्या, तेव्हा सावधपणातील ठळक चढउतार ही त्यांतील एक मुख्य कसोटी धरली. म्हणजे ज्या चांगल्या दिवसाकडे बोट दाखवून घरचे म्हणतात, रोग नाही, त्याच दिवसाकडे बोट दाखवून डॉक्टर म्हणू शकतात, हाच तो रोग.

या प्रश्नाकडे वैद्यकाहून अधिक शांतपणे पाहिले ते कायद्याने. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने ५३३ साली सिद्ध झालेल्या रोमन कायद्याच्या ग्रंथात असे सांगितले आहे, की वेड लागलेल्या माणसाने वेड ओसरलेल्या काळात केलेले मृत्युपत्र ग्राह्य धरावे. आपल्याकडील १८७२ च्या करार कायद्याच्या बाराव्या कलमात हेच तत्त्व आढळते. जो एरवी मनाने अस्वस्थ, पण मधूनमधून स्वस्थ असतो, तो स्वस्थ असताना करार करू शकतो. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातही मृत्युपत्राविषयी तशीच तरतूद आहे. मात्र आजारामुळे आपण काय करतो हे ज्याला कळत नाही, त्याला त्या अवस्थेत मृत्युपत्र करता येत नाही, हेही तेथे सांगितले आहे. स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत असा काळ ओळखणे कठीण असते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासून लिहून देणे हिताचे.

श्रोतेहो, मी कायद्याची जाणकार नाही. पण ही कलमे वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसले. कायदा चांगल्या दिवसाला रोग नसल्याचा पुरावा मानत नाही, आणि रोग आहे म्हणून तो दिवस खोटाही ठरवीत नाही. तो म्हणतो, हा दिवस त्या माणसाचा आहे. आज त्याला आपले काम करू द्या.

आम्ही नेमके उलट केले होते. नाताळानंतर आईला सोबत देणे आम्ही बंद केले. घराची किल्ली तिच्याकडे परत दिली. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे ती घराबाहेर पडली. तीस वर्षांपूर्वी विकलेल्या माहेरच्या घराकडे ती निघाली होती. दूध घालणाऱ्या मुलाला ती रेल्वे फाटकाजवळ अनवाणी उभी दिसली आणि त्याने हात धरून तिला घरी आणले. दादाला फोन केला, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तो कागद काढ कपाटातून."

परंतु रेल्वे फाटकापेक्षाही मला बोचते ती नाताळाची रात्र. त्या रात्री आईने सरळ प्रश्न विचारला होता. उत्तर समजण्याइतकी ती शुद्धीवर होती. कदाचित त्या उत्तराची कल्पनाही तिला असावी. आणि आम्ही तिला गप्प केले, कारण आमच्या आनंदाला तो प्रश्न मानवत नव्हता. चांगला दिवस तिला मिळाला आणि तो आम्ही आमच्या समाधानासाठी खर्चून टाकला.

तसा दिवस पुन्हा यावयास चार महिने लागले. मे महिन्यातल्या एका सकाळी ती ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होती. मला म्हणाली, "मी विसरते ना गं हल्ली?" मी या खेपेस खोटे बोलले नाही. डॉक्टरांनी काय लिहिले आहे, ते मी तिला साध्या शब्दांत सांगितले. तिने कोथिंबिरीच्या काड्या बाजूला केल्या, हात पुसले आणि एकेक सांगत गेली. गळ्यातली साखळी धाकट्या नातीला द्यावी. बाबांच्या कबरीशेजारीच आपल्याला ठेवावे. दाराला बाहेरून कुलूप लावू नये, कोणीतरी जवळ बसावे. आणि दादाने वडोदऱ्याहून धावत येऊ नये, पण रविवारी फोन करावा. मी ते सारे हिशेबाच्या वहीतच लिहून घेतले, खाली तारीख घातली आणि तिला वाचून दाखविले. दुपारी ती ते विसरली होती.

त्यानंतर दोन वर्षे झाली. चांगले दिवस आता विरळ झाले आहेत, पण येतात. त्या दिवशी दादाचा फोन आला तर तो आता निदानाविषयी वाद घालीत नाही. तो म्हणतो, "आज बरी आहे ना? मग फोन तिच्याकडे दे." दाराला कुलूप नाही. आळीपाळीने आमच्यापैकी कोणीतरी तिच्याजवळ बसलेले असते.